गांजाबंदीचा प्रश्न : मद्य व तंबाखू यांच्या तुलनेत

गांजा, मद्य आणि तंबाखू हे तिन्ही पदार्थ मज्जासंस्थेवर परिणाम घडवून आणणारे व सवय जडविणारे आहेत. तथापि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान अगदी भिन्न आहे. भारतात तंबाखू प्रौढ व्यक्तीस कोणत्याही परवान्यावाचून विकत घेता येते. मद्य बहुतेक राज्यांत शासनाने परवाना दिलेल्या दुकानांतून विकले जाते. गांजा व चरस जवळ बाळगणे हा मात्र कारावासास पात्र असा गुन्हा आहे. या भेदास अपायाच्या प्रमाणाचा आधार कितपत आहे, आणि नसल्यास गांजाला मर्यादित वा पूर्ण कायदेशीर मान्यता द्यावी काय, हा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगातील अनेक देशांत चालू आहे. भारतात हा प्रश्न त्याहून पुष्कळ आधी, १८९३–९४ मध्ये, एका शासकीय आयोगापुढे आला होता. त्या आयोगाने काढलेले निष्कर्ष आणि पुढे प्रत्यक्षात झालेले कायदे यांतील अंतर लक्षात घेतले, म्हणजे आजच्या वादाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

पदार्थांचे स्वरूप : भांग, गांजा व चरस हे तिन्ही पदार्थ कॅनॅबिस सॅटायव्हा या एकाच वनस्पतीपासून मिळतात. भांग म्हणजे तिची पाने. ती वाटून दूध, साखर व मसाल्याबरोबर पितात किंवा माजुमासारख्या मिठाईत घालतात. मादी झाडांच्या फुलोऱ्याचे राळयुक्त शेंडे वाळवून गांजा तयार होतो व तो चिलमीतून ओढला जातो. नुसती राळ गोळा केली म्हणजे चरस होतो. मादकता भांगेत सर्वांत कमी, तर चरसात सर्वांत जास्त असते. या वनस्पतीतील टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल हे प्रमुख मादक द्रव्य इझ्राएलमधील गाओनी व मेशूलम या संशोधकांनी १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मद्यातील क्रियाशील द्रव्य एथिल अल्कोहॉल, तर तंबाखूतील निकोटीन हे होय. तंबाखूमुळे मद्याप्रमाणे शुद्ध हरपत नाही. तिचे घातक परिणाम दीर्घकालानंतर दिसून येतात. समाजाने तिच्याकडे प्रदीर्घ काळ निर्धास्तपणे पाहिले, याचे हे एक कारण आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भंगेचा उल्लेख अथर्ववेदात आलेला आहे. भांग व गांजा यांचे सेवन बैरागी, गोसावी व फकीर यांच्यात, शिवरात्र व होळी यांसारख्या प्रसंगी आणि कष्टकऱ्यांमध्ये थकवा घालविण्यासाठी परंपरेने होत आले. ताडी, माडी व मोहाची दारूही अशीच जुनी व स्थानिक आहेत. या तिघांत नवखी आहे ती तंबाखू. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली. अकबराचा दूत असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापूरहून ती मोगल दरबारात नेली. या अपरिचित पदार्थाबद्दल दरबारातील हकिमांनी शंका घेतल्या, परंतु अमीर-उमरावांमध्ये ती लवकरच रूढ झाली. जहांगीराने १६१७ मध्ये धूम्रपानास बंदी केली. तिचा टिकाऊ परिणाम झाला नाही. परका म्हणून निषिद्ध ठरलेला हा पदार्थ दोन-तीन शतकांत घरोघरी पोहोचला आणि परंपरेने चालत आलेला गांजा पुढे गुन्हा ठरला. तेव्हा केवळ परंपरा ही कायद्याची कसोटी कधीच नव्हती, असे म्हणावे लागते.

अबकारी धोरण : ब्रिटिश अमदानीत मद्य व भांग-गांजा यांकडे मुख्यत्वे महसुलाची साधने म्हणून पाहिले गेले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्य, ताडी व मादक औषधी यांची निर्मिती आणि विक्री शासनाच्या नियंत्रणाखाली आणली. १८९२ च्या एका कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या व्यापारावरही निर्बंध घातले. घरी किंवा गावात गाळली जाणारी दारू बेकायदा ठरून सरकारी करभाराची दारू दुकानांतून विकली जाऊ लागली. नियंत्रणाचा हेतू सेवन कमी करणे हा असल्याचे सांगितले जाई, पण दुकानांच्या लिलावातून मिळणारे उत्पन्नही वाढतच होते. या विसंगतीवर महाराष्ट्रातील सुधारकांनी बोट ठेवले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन करण्याची चळवळ झाली व तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. या चळवळींचा रोख मद्यावर होता; गांजा हा त्यांचा प्रमुख विषय नव्हता.

गांजाचे उत्पादन निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या पद्धतींनी चाले. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव भागात सरकारी देखरेखीखाली त्याची लागवड होई आणि माल सरकारी गोदामांत ठेवून वजनावर कर घेतला जाई. मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा ही लागवडीची प्रमुख क्षेत्रे होती. चरस मुख्यतः यार्कंदहून लेहमार्गे पंजाबात येई. दुसरीकडे, विल्यम ओशॉनेसी (१८०९–८९) या डॉक्टराने १८३९ मध्ये कलकत्त्यात प्रयोग करून आचके, संधिवात इ. विकारांत गांजाचा औषधी उपयोग वर्णिला होता व त्यामुळे तो यूरोपीय औषधिसंग्रहांत दाखल झाला होता.

भारतीय गांजा आयोग (१८९३–९४) : गांजामुळे वेड लागते व भारतातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरलेली आहेत, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये प्रबळ झाला. अफूच्या व्यापाराविरुद्धची चळवळही याच काळात जोरात होती व अफूविषयी स्वतंत्र शाही आयोग १८९३ मध्येच नेमला गेला. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारत सरकारने आयोगाची नियुक्ती केली. पंजाबातील ज्येष्ठ सनदी अधिकारी मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी, मध्य प्रांतातून फ्रेझर आणि कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन हे सदस्य होते. राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनाम सिंग व लाला निहालचंद हे तीन भारतीय सदस्य होते.

आयोगाने देशभर दौरा करून अधिकारी, डॉक्टर, वैद्य, शेतकरी, व्यापारी, धर्मोपदेशक व प्रत्यक्ष सेवन करणारे अशा ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले व १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला. त्यातील वेडाविषयीचे प्रकरण विशेष महत्त्वाचे आहे. इस्पितळांच्या नोंदवह्यांत अनेक रुग्णांपुढे वेडाचे कारण म्हणून गांजा लिहिलेला आढळे. आयोगाने १८९२ सालातील अशा रुग्णांची एकेक करून फेरतपासणी केली. तेव्हा असे दिसून आले, की हे कारण पुष्कळदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसांच्या सांगण्यावरून किंवा दुसरे कारण सापडत नाही म्हणून भरण्यात आले होते. तपासणीनंतर निम्म्याहून कमी रुग्णांच्या बाबतीतच गांजाशी संबंध जोडता आला, आणि त्यांतीलही काहींत इतर कारणे मिसळलेली होती. केवळ सांख्यिकीवर विसंबून धोरण ठरविण्यातील धोका दाखवून देणारे हे एक जुने व बोलके उदाहरण होय.

आयोगाचा एकूण निष्कर्ष असा होता : मर्यादित सेवनापासून शरीर, मन वा नीती यांना सहसा म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवन अपायकारक असते व प्रकृतीतच दुर्बलता असेल, तर ते वेडासही कारणीभूत होऊ शकते, तथापि बहुसंख्य लोक मर्यादेत सेवन करतात आणि अतिसेवनाचे दुष्परिणाम समाजापेक्षा त्या व्यक्तीलाच भोगावे लागतात. संपूर्ण बंदी घातल्यास धार्मिक भावना दुखावतील, चोरटा व्यवहार वाढेल आणि लोक मद्याकडे किंवा धोतऱ्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील, अशीही भीती पुढे आली होती. म्हणून आयोगाने बंदी व मोकळीक या दोहोंऐवजी नियंत्रणाचा मार्ग सुचविला : परवान्याने व मर्यादित क्षेत्रातच लागवड, पुरेसा कर, दुकानांच्या संख्येवर निर्बंध आणि व्यक्तीने जवळ बाळगावयाच्या प्रमाणावर मर्यादा. 

हा अहवाल एकमताचा नव्हता. शशिशेखरेश्वर राय व निहालचंद यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या व अधिक कडक धोरणाचा आग्रह धरला. आयोगाची मुख्य शिफारस महसुलाच्या हिताशी जुळणारी होती, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही. असे असले तरी मादक पदार्थाविषयी कायदा करण्यापूर्वी पुरावा गोळा करून तो तपासावयाचा, हा आयोगाचा आग्रह पुढील काळात क्वचितच पाळला गेला.

आंतरराष्ट्रीय करार : गांजाबंदीला जागतिक स्वरूप आले, ते मुख्यतः राजनैतिक वाटाघाटींतून. १९२४–२५ मध्ये जिनीव्हा येथे अफूविषयी परिषद भरली असता ईजिप्तच्या प्रतिनिधीने हशिश, म्हणजे चरस, याचाही समावेश करण्याची मागणी केली. भारताच्या प्रतिनिधींनी सामाजिक व धार्मिक प्रथांचा हवाला देऊन अंतर्गत सेवनावरील बंदीस हरकत घेतली. फेब्रुवारी १९२५ च्या करारात आंतरराष्ट्रीय व्यापारापुरते निर्बंध आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३७ च्या करविषयक कायद्याने गांजा व्यवहारतः निषिद्ध झाला. तेथे मद्यबंदी रद्द होऊन त्या वेळी अवघी चार वर्षे झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली ३० मार्च १९६१ रोजी न्यूयॉर्क येथे मादक औषधींविषयीचा एकत्रित करार संमत झाला. त्यात गांजा व चरस यांना हेरॉइनबरोबर सर्वांत कडक अनुसूचीत स्थान मिळाले. मद्य व तंबाखू यांचा त्यात समावेशच नाही. ज्या देशांत गांजाचे सेवन परंपरेने रूढ होते, त्यांना ते थांबविण्यासाठी करार अंमलात आल्यापासून, म्हणजे डिसेंबर १९६४ पासून, २५ वर्षांची मुदत देण्यात आली. फुलोऱ्यावाचूनची पाने व बिया व्याख्येतून वगळल्यामुळे भांग मात्र कराराबाहेर राहिली. याच तडजोडीमुळे उत्तर भारतातील काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने पुढेही चालू राहू शकली.

मुंबई राज्यातील मद्यबंदी : याच काळात मद्याच्या बाबतीत उलट दिशेने प्रयोग चालू होता. काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात मद्यबंदी सुरू केली, पण ते मंत्रिमंडळ त्याच वर्षी पायउतार झाल्यामुळे ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई मद्यनिषेध अधिनियम संमत होऊन एप्रिल १९५० पासून राज्यात संपूर्ण मद्यबंदी लागू झाली. या अधिनियमात मद्याबरोबर मादक औषधींचाही अंतर्भाव होता. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदातही मादक पेये व आरोग्यास अपायकारक औषधी यांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे निर्देशक तत्त्व घातलेले आहे. तंबाखूचा त्यात नामनिर्देश नाही. सातव्या अनुसूचीत मात्र मद्य, अफू व भारतीय गांजा हे राज्यांच्या उत्पादन शुल्काच्या एकाच नोंदीत एकत्र आले, तर तंबाखूवरील उत्पादन शुल्क केंद्राकडे राहिले. ते शुल्क महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, प्रथम बसविण्यात आले होते.

मद्यबंदीचा अनुभव संमिश्र होता. अनेक कुटुंबांना, विशेषतः स्त्रियांना, तिच्यामुळे दिलासा मिळाला. उलट मुंबईत हातभट्टीचा धंदा फोफावला, पोलीस यंत्रणेत लाचलुचपत वाढली आणि संघटित गुन्हेगारीला भांडवल मिळाले. १९६३–६४ पासून महाराष्ट्रात निर्बंध सैल होत गेले व १९७० नंतरच्या दशकात देशी दारूची परवानाधारक विक्री पुन्हा रूढ झाली. १९४९ चा अधिनियम मात्र रद्द झालेला नाही. आजही मद्यप्राशनासाठी परवाना हवा, ही तरतूद महाराष्ट्रात कागदोपत्री कायम आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून व गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी नसलेल्या ठिकाणीही विषारी दारूचा धोका टळलेला नाही. मुंबईतील मालवणी भागात जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. करभारित मद्य परवडत नाही, असा गरीब वर्ग चोरट्या मद्याकडे वळतो, हे त्यामागील एक कारण होय.

१९८५ चा अधिनियम : पश्चिम व आग्नेय आशियातून येणाऱ्या हेरॉइनच्या चोरट्या वाहतुकीचा भारत हा मार्ग बनू लागला, तेव्हा जुने अफूविषयक कायदे अपुरे पडू लागले. आंतरराष्ट्रीय करारांचे दायित्वही होतेच. परिणामी संसदेने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम संमत केला व तो १४ नोव्हेंबर १९८५ पासून अंमलात आला. हेरॉइन हे मुख्य लक्ष्य असले, तरी गांजा व चरस हेही या कायद्याच्या कक्षेत आले. काही राज्यांत तोपर्यंत चालू असलेली गांजाची सरकारमान्य विक्री बंद झाली. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा प्रमाणानुसार ठरविण्यात आल्या. गांजासाठी १ किग्रॅ. हे अल्प प्रमाण, तर २० किग्रॅ. हे व्यापारी प्रमाण असून व्यापारी प्रमाणाबाबत किमान १० वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. चरसासाठी हीच प्रमाणे अनुक्रमे १०० ग्रॅ. व १ किग्रॅ. अशी आहेत. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही अधिनियमात आहे. धागा व बिया यांसाठी लागवडीस परवानगी देण्याची मुभा यात आहे आणि उत्तराखंड राज्याने २०१८ पासून तिचा उपयोग केला आहे.

या कायद्यास फारसा विरोध झाला नाही, याचे कारण सामाजिक होते. मद्यामागे साखर कारखाने, आसवन्या व राज्यांचा महसूल उभा होता. तंबाखूमागे शेतकरी व लक्षावधी विडी कामगार होते. निपाणी येथे १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेले तंबाखू उत्पादकांचे आंदोलन या हितसंबंधाचे बळ दाखवून देते. गांजाची परवानाधारक लागवड मात्र तोपर्यंत क्षीण झाली होती, आणि चिलीम ओढणारा बैरागी किंवा मजूर यांच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते.

तंबाखूविषयक बदलती दृष्टी : धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांतील संबंध ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने सुप्रतिष्ठित झाला. भारतात सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा देण्याची सक्ती १९७५ च्या अधिनियमाने आली. २००३ मध्ये व्यापक तंबाखू नियंत्रण कायदा झाला, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सेवन करणाऱ्याला तुरुंगात न टाकता जाहिरातबंदी, कर, इशारे व जागांवरील निर्बंध यांच्या साहाय्याने सेवन कमी करण्याचा हा प्रयत्न आहे. राष्ट्रीय पाहणीनुसार प्रौढांतील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९–१० मधील ३४·६ टक्क्यांवरून २०१६–१७ मध्ये २८·६ टक्क्यांवर आले. तरीही तंबाखूमुळे भारतात दरवर्षी सुमारे १३ लक्ष मृत्यू होतात, असा अंदाज आहे. हा प्रश्न सोडवावयास उशीर झाला, याचे एक कारण असे, की तंबाखूचा व्यापार पूर्ण वाढल्यावर तिचे अपाय सिद्ध झाले.

अपायांची तुलना : केंद्र शासनासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सु. १६ कोटी लोक मद्य घेतात, तर सु. ३·१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस यांचे सेवन करतात. त्यांपैकी सु. २·२ कोटी लोक भांग घेणारे आहेत. मद्याच्या बाबतीत सु. ५·७ कोटी आणि भांग-गांजाच्या बाबतीत सु. ७२ लक्ष लोकांना त्या सवयीसाठी मदतीची गरज आहे. मद्याच्या अतिमात्रेने मृत्यू ओढवतो. यकृताचे विकार, काही प्रकारचे कर्करोग, अपघात व घरगुती हिंसा यांच्याशी त्याचा निकट संबंध आहे. केवळ गांजाच्या अतिमात्रेमुळे मृत्यू होणे अतिशय दुर्मीळ असते. एकदा तरी सेवन केलेल्यांपैकी तंबाखूच्या आहारी जाणारे सु. ३२ टक्के, मद्याच्या सु. १५ टक्के व गांजाच्या सु. ९ टक्के असतात, असे अमेरिकेतील १९९४ च्या एका अभ्यासात आढळले. ब्रिटनमध्ये २०१० साली तज्ञांच्या एका गटाने व्यक्तीस व समाजास होणाऱ्या एकत्रित अपायासाठी शंभरांपैकी गुण दिले, त्यांत मद्यास ७२, तंबाखूस २६ व गांजास २० गुण मिळाले.

या आकड्यांवरून गांजा निरुपद्रवी आहे, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. पौगंडावस्थेत सुरू झालेल्या व वारंवार होणाऱ्या सेवनाचा स्मरण, शिक्षण व अवधान यांवर परिणाम होतो. स्वीडनमधील लष्करभरतीच्या तरुणांवर झालेल्या व १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून गांजा व छिन्नमानस यांतील संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. विशेषतः आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना हा धोका अधिक असतो. आयोगाने १८९४ मध्ये प्रकृतिदुर्बल व्यक्तींविषयी जे म्हटले होते, त्याला यामुळे एक प्रकारे दुजोराच मिळतो. शिवाय आयोगापुढचा गांजा व आजचा गांजा एकच नव्हेत. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉलचे प्रमाण १९९५ मधील सु. ४ टक्क्यांवरून २०१४ मध्ये सु. १२ टक्क्यांवर गेले. तसेच वरील तुलना प्रचलित परिस्थितीतील आहे. मद्याचे अपाय अधिक दिसतात, ते काही अंशी त्याचा प्रसार अधिक असल्यामुळे. गांजा तितकाच सहज मिळू लागला व त्याची तितकीच जाहिरात झाली, तर त्याचेही अपाय वाढतील.

अन्य देशांतील प्रयोग : नेदर्लंड्समध्ये १९७६ पासून अल्प प्रमाणातील विक्रीकडे दुर्लक्ष करण्याचे धोरण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी उपयोगास, तर कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये प्रौढांच्या सेवनास मान्यता दिली. २०२४ अखेर अशी राज्ये २४ झाली, संघीय कायद्यात मात्र बंदी कायम होती. उरुग्वायने २०१३ मध्ये शासनाच्या देखरेखीखालील उत्पादन व औषधविक्रेत्यांमार्फत विक्री असा मार्ग पतकरला. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर व्यापारी विक्री खुली केली, तर जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून व्यापारी विक्री टाळून घरगुती लागवड व उत्पादकांच्या संघटना यांना मुभा दिली. थायलंडने २०२२ मध्ये दिलेली मोकळीक २०२५ मध्ये वैद्यकीय कारणांपुरती सीमित केली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक अनुसूचीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले. भारताने या बदलाच्या बाजूने मतदान केले. औषधी उपयोगाची दखल घेण्यापुरता हा निर्णय होता. त्याने सर्वसाधारण सेवनास मान्यता मिळालेली नाही.

वादाचे स्वरूप : मान्यतेच्या बाजूने मुख्यतः चार मुद्दे मांडले जातात. अधिक घातक पदार्थ खुले ठेवून कमी घातक पदार्थासाठी तुरुंग देणे विषमतेचे आहे. बंदीने सेवन थांबत नाही, मात्र व्यापार गुन्हेगारांच्या हाती जातो. अल्प प्रमाण बाळगणाऱ्या गरीब व तरुण व्यक्तीचे सर्व आयुष्य खटल्याने विस्कटते. आणि औषधी संशोधनात अडथळा येतो. विरोधकांचे म्हणणे असे, की मद्य व तंबाखू यांनी घडविलेला अनर्थ हा तिसरा पदार्थ खुला करण्याचा आधार होऊ शकत नाही. कायद्याची मान्यता समाजमनात निर्धोकपणाची कल्पना रुजवते. आणि नफ्यावर चालणारा उद्योग एकदा उभा राहिला, म्हणजे त्याला आवर घालणे किती कठीण असते, हे तंबाखूने दाखवून दिले आहे. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे. मद्यबंदीचा इतिहास पहिल्या बाजूस बळकटी देतो, तर तंबाखूचा इतिहास दुसऱ्या बाजूस.

तिन्ही पदार्थांचा इतिहास एकत्र पाहता असे दिसते, की त्यांच्यामधील कायदेशीर सीमारेषा अपायाचे मोजमाप करून आखली गेलेली नाही. महसूल, हितसंबंध, सुधारकांची चळवळ व आंतरराष्ट्रीय करार यांनी ती वेळोवेळी सरकविली आहे. त्यामुळे ही रेषा अपरिवर्तनीय मानण्याचे कारण नाही. तद्वतच ती असंगत आहे म्हणून सरसकट पुसून टाकावी, असेही ठरत नाही. बंदी व मोकळीक यांच्या दरम्यान शिक्षा न करता सेवन निषिद्ध ठेवणे, केवळ औषधी उपयोग, जाहिरातीवाचून मर्यादित विक्री, वयाची अट, तीव्रतेनुसार कर असे अनेक टप्पे आहेत. १८९४ च्या आयोगाने सुचविलेले उपाय आज जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. परंतु कोणत्या पदार्थावर, कोणासाठी व कोणत्या प्रकारचे नियंत्रण, हा त्याने विचारलेला प्रश्न मद्य, तंबाखू व गांजा या तिघांनाही समान कसोटीने विचारला जाणे, ही या वादाच्या समाधानकारक उकलीची पहिली अट होय.